नजर बिलावर, बोटं कीबोर्डवर

चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

वागळे इस्टेटमध्ये सीएंच्या ऑफिसात आर्टिकलशिपला लागलीस, हे ताईकडून कळलं. आता बिलांचे गठ्ठे समोर येतील, म्हणून आधीच सांगतो: माउसची सवय लावून घेऊ नकोस.

वेळ वाचतो म्हणून नव्हे. बिलावरचा आकडा वाचायचा, मग स्क्रीनवर बाण शोधायचा, मग पुन्हा बिलाकडे वळायचं, यात ओळ चुकते आणि संध्याकाळी ताळा बसत नाही. बोटांना वाट पाठ असली की नजर बिलावरून हलत नाही.

हिशेबाचं सॉफ्टवेअर टॅली तर कीबोर्डवाल्यांसाठीच बनलंय. व्हाउचरमध्ये, म्हणजे व्यवहाराच्या नोंदीत, पेमेंटला एफ५, रिसीटला एफ६, जर्नलला एफ७, सेल्सला एफ८, पर्चेसला एफ९. एन्ट्री करता करता पार्टीचं लेजरच, म्हणजे खातंच, नाही असं दिसलं तर बाहेर पडू नकोस. तिथेच ऑल्ट-सी दाबून लेजर तयार कर, कंट्रोल-ए ने सेव्ह कर; अर्धवट व्हाउचर होतं तिथेच असतं. लॅपटॉपवर एफ५ दाबल्यावर आवाज नाहीतर उजेड कमीजास्त झाला, तर घाबरू नकोस, सोबत एफएन दाबायचं.

एक्सेलमध्ये मला सगळ्यात लाडका कंट्रोल आणि खालचा बाण. रकान्याच्या शेवटी नेतो, हे सगळे सांगतात. पण तो मधेच थांबला, तर पुढचा सेल रिकामा आहे, म्हणजे कुणीतरी नोंद गाळली आहे. माउसने भराभर खाली जाताना ही गाळलेली जागा हमखास नजरेतून सुटते. सोबत शिफ्ट धरलास की तेवढा भाग सिलेक्ट होतो. बेरजेला ऑल्ट आणि बरोबरचं चिन्ह, सेल दुरुस्त करायला एफ२.

शॉर्टकटचे तक्ते छापून भिंतीला लावणारे मी बरेच पाहिले. ते तक्ते पिवळे पडतात, बाकी काही होत नाही. त्यापेक्षा एक्सेलमध्ये नुसता ऑल्ट दाबून सोड. वरच्या पट्टीवर अक्षरं उमटतात, ती दाबत जा. रोज लागतं ते आपोआप बोटांत बसतं, उरलेलं विसरलीस तरी चालेल.

टायपिंग मात्र नीट शिकून घे. एफ आणि जे वर उंचवटे असतात, तर्जनी तिथे ठेवायची. सरकारी परीक्षेची मिनिटाला ३० शब्दांची पायरी गाठलीस तरी पुष्कळ. मराठीसाठी इन्स्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी घे: काना-मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या. भाषा बदलायला विंडोज आणि स्पेसबार.

स्कॅन केलेलं बिल कापायचं, चार्ट इकडेतिकडे सरकवायचा, तेव्हा खुशाल माउस घे. तिथे हट्ट कशाला?

आणि डबा खायला उठताना विंडोज-एल दाबून स्क्रीन लॉक करत जा. क्लायंटचे आकडे उघडे टाकून जायचं नाही, सर कितीही चांगले असले तरी.

तुझा,
मामा