‘तेव्हा हो म्हटलं असतं तर?’

प्रश्न : ताई, मी ३३ वर्षांची आहे. चार वर्षं एका चांगल्या माणसासोबत आहे. तो लग्नाची तारीख ठरवू या म्हणतो आणि मी दर वेळी विषय टाळते. नऊ वर्षांपूर्वी दुसऱ्या एकाने ‘माझ्यासोबत परदेशी चल’ म्हणून विचारलं होतं. मी नाही म्हटलं. दोन महिन्यांपूर्वी अचानक त्याचा मेसेज आला. तेव्हापासून रोज रात्री आम्ही बोलतो. तेव्हा हो म्हटलं असतं तर, या विचाराने झोप उडाली आहे. काय करू?
– अधांतरी

प्रिय अधांतरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. ‘मी नाही म्हटलं’ असं तू लिहिलंस, पण का, ते कुठेच नाही. २४ वर्षांच्या त्या मुलीने काहीतरी पाहिलं असणार. कदाचित त्याच्या बेतात तुला जागा होती, तुझ्या कामाला नव्हती. कदाचित तो आधी सगळं ठरवून मोकळा व्हायचा आणि तुला मागाहून कळायचं. कदाचित तू नुसती घाबरली असशील. ते कारण आठव आणि कागदावर लिहून काढ. आज तुला तो आठवतो तेव्हा नेमकं तेवढंच गळून पडलेलं असतं. आणि त्या मुलीला इतक्या सहज चुकीची ठरवू नकोस गं. तो माणूस तेव्हा तिच्यासमोर होता, तुझ्यासमोर आज फक्त त्याचे मेसेज आहेत.

थॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ साली पश्चात्तापाबद्दल जे मांडलं, ते मला तुझ्या पत्रात दिसतं. केलेली चूक माणसाला लगेच बोचते. काळ लोटला की न केलेल्या गोष्टी जास्त सलतात. केलेल्या गोष्टीचा निकाल लागतो, ती थोडीफार निस्तरता येते. न केलेल्या गोष्टीचा निकाल कधी लागतच नाही, म्हणून ती मनात हवी तेवढी वाढत राहते. त्याच्यासोबत तू कधी तापाने फणफणली नाहीस, पैशांवरून भांडली नाहीस, दोघांपैकी कुणाची नोकरी आधी यावरून रुसली नाहीस. घरातल्या माणसासोबत हे सगळं झालंय. मग तुलना कशाची करतेस?

तरीही तुझी हुरहुर खोटी आहे असं मी म्हणणार नाही. तुझ्या आयुष्यात काहीतरी अपुरं आहे, एवढं ती नक्की सांगते. ते प्रेमच असेल असं नाही. परदेशी जाणं, नवं काम, स्वतःच्या हिमतीवर घेतलेला एखादा निर्णय, यातलंही काही राहून गेलं असेल.

दार अर्धवट उघडं ठेवण्याची मात्र किंमत असते. डॅनियल गिल्बर्ट आणि जेन एबर्ट यांनी २००२ साली छापलेला एक प्रयोग आहे. विद्यार्थ्यांनी स्वतः काढलेल्या दोन फोटोंपैकी एकच ठेवायचा होता. काहींना नंतर बदलायची मुभा होती, काहींना नव्हती. मुभा असलेल्यांना आपला फोटो कमी आवडला. रोज रात्रीच्या त्या गप्पा तुझ्यासाठी अशीच मुभा झाल्या आहेत. त्या चालू असेपर्यंत घरातला माणूस तुला पुरेसा वाटणारच नाही, मग तो कितीही चांगला असो.

म्हणून दोन प्रश्न वेगळे कर. पहिला फक्त घरचा : हा मेसेज आलाच नसता, तर याच्याशी लग्न करायला तू तयार होतीस का? नसलीस, तर त्याला ते लवकर सांग. त्याचं आयुष्य तुझ्या होकारावर अडून बसलंय, आणि तुझ्या सबंध पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटली. दुसरा प्रश्न, त्या जुन्या माणसाचा, पहिल्याचं उत्तर मिळाल्यावरच हातात घे. दोन्ही एकदम सोडवायला गेलीस तर एक नातं दुसऱ्यातून पळायची वाट होईल.

आज रात्रीपासून तीन आठवडे त्या गप्पा बंद ठेव. त्याला सरळ कळव की मला विचार करायला वेळ हवा आहे. घरातल्या माणसालाही सांग की तारखेचा विषय मी मुद्दाम टाळतेय आणि माझ्या मनात गोंधळ आहे. त्याने कारण विचारलं तर लपवू नकोस. त्याला दुखेल, पण हे दुसरीकडून कळलं तर जास्त दुखेल.

तीन आठवड्यांनी मला पुन्हा लिही. त्या कागदावर काय उतरलं, ते मला वाचायचंय.

तुझी,
ताई