भट्टी सोडू नकोस

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी चिडले, मग वाईट वाटलं, मग पुन्हा चिडले. म्हणून उत्तराला उशीर.

तू लिहितेस की अमर व्हायला पारा खाऊन मेलेल्या, चीनच्या थांग घराण्यातल्या सम्राटांची यादी करता करता तुला हसू यायला लागलं. असल्या माणसांवर पीएच.डी.ची वर्षं का घालवायची? त्यापेक्षा ताओवाद्यांची पुढच्या काळातली ‘आतली किमया’ घ्यावी, ती ध्यानाची आहे, शुद्ध आहे, आजच्या लोकांनाही जवळची वाटेल. तुझे गाइडही हो म्हणाले म्हणे. म्हणणारच! त्यांचं काम हलकं होतंय.

माझं सांगणं एकच आहे आणि या पत्रात ते मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळलीस तरी. भट्टी, म्हणजे खनिजं तापवून अमरत्वाचं औषध करण्याची ती ‘बाहेरची’ किमया, सोडू नकोस.

तू सुरुवातच उलट्या टोकानं केलीस, मेलेल्या सम्राटांपासून. आधी गे होंगपाशी बस. इ.स. 283 ते 343, दक्षिण चीनमधला उतरत्या कळेचा घरंदाज माणूस. त्याच्यासमोर हिंगूळ आहे, पाऱ्याचं लाल खनिज. तापवला की त्यातून पारा वाहतो, आणि तो पारा बदलत बदलत परत हिंगूळ होतो, असं त्यानं ‘बाओपूझी’ या आपल्या ग्रंथात लिहून ठेवलंय. आता त्याचा तर्क बघ. झाडपाल्याची औषधं पुरली तर कुजतात, उकळली तर शिजून जातात, जाळली तर राख होतात. ज्यांना स्वतःला टिकता येत नाही ती माणसाला काय टिकवणार? सोनं मात्र कितीही वेळा आगीत घाला, घटत नाही; पुरून ठेवा, सडत नाही. मग टिकणारं पोटात गेलं तर माणूसही टिकेल. अनुमान चुकलं, कबूल. पण त्यामागचं बघणं किती नेमकं आहे! हसण्याआधी एवढं बघायला हवं होतंस.

आणि हे काम काय सोपं होतं? पहिल्याच औषधाची कृती वाच. खनिज मिठं, शिंपल्या, तांबडी माती, शंखजिऱ्यासारखा मऊ दगड अशा सात वस्तू, प्रत्येक कित्येक शेर, कुटून त्यांचा लेप करायचा आणि भांड्याला सांधे न राहतील असा थापायचा. मग छत्तीस दिवस आग. त्याआधी नावाजलेल्या डोंगरात जाऊन शंभर दिवस व्रतस्थ राहायचं, कांदा-लसणासारखं उग्र काही खायचं नाही, संसारी माणसाचं तोंड बघायचं नाही. वर नीतीचा हिशेब वेगळाच. पृथ्वीवरचा अमर व्हायचं तर 300 सत्कृत्यं, स्वर्गातला व्हायचं तर 1,200. 1,199 झाली आणि मग एक वाईट कृत्य हातून घडलं, की मागचं सगळं पाण्यात. पुन्हा एकपासून.

आता या सगळ्याचा खर्च कोण करणार? गे होंग स्वतः सांगतो की गुरूकडून ही विद्या मिळून वीसहून जास्त वर्षं झाली, पण पदरी पैसा नाही, त्यामुळे करता येत नाही, नुसते उसासे टाकतो. या ओळीपाशी मी नेहमी थांबते. अमरत्वाचा सगळ्यात मोठा वकील, आणि त्याला सामान परवडत नाही! उतारवयात त्यानं आजच्या उत्तर व्हिएतनामच्या बाजूला एक लहानशी नोकरी मागितली, कारण काय तर तिकडे हिंगूळ मिळतो. वाटेत ग्वांगझोऊच्या सुभेदारानं अडवून धरलं, म्हणून तो लुओफू डोंगरावर राहिला आणि तिथेच गेला. हे तुझ्या टिपणात कुठेच नाही. तुझ्या टिपणात ‘भोळसट’ हा शब्द आहे.

श्वासाचंही तेच. नाकातून श्वास घ्यायचा, कोंडायचा, मनात 120 आकडे मोजायचे, मग इतका हळू सोडायचा की नाकापुढे धरलेलं पीस हलता कामा नये. सरावानं आकडे हजारापर्यंत न्यायचे. हे शिकवणारा माणूस भट्टीवालाच आहे, गे होंगच. त्याच्या लेखी श्वास, आहार, सदाचार ही सगळी आयुष्य लांबवण्याची तयारी, म्हणजे औषध सिद्ध होईपर्यंत जगता यावं म्हणून. तू आज ‘बाहेरचं’ आणि ‘आतलं’ अशा दोन कपाटांत जे भरतेस, ते त्याच्या घरात एकत्रच नांदत होतं.

राहिलं विष. ते झाकून ठेव असं मी म्हणत नाही. नीट उघड, एवढंच म्हणते. थांग काळातल्या ग्रंथांत औषध घेतल्यावर काय होतं त्याची यादी सापडते: अंगावर किडे चालल्यासारखी खाज, हातापायांना सूज, अन्नाचा वास नकोसा होणं. आणि पुढे म्हटलंय की ही औषध लागू पडल्याची खूण, घाबरू नये. बाधा होतेय हे त्यांना दिसत होतं. त्या बाधेला गुण म्हणायची सोय आधीच करून ठेवली होती. असली सोय आजही कुठे कुठे असते ते तुझं तू बघ.

आणि सगळे काही गप्प बसले नव्हते. सम्राट शिएनझोंगनं लिऊ मी नावाच्या किमयागाराला थ्येनथाय डोंगरातली वनस्पती शोधायला म्हणून थेट प्रांताचा अधिकारी करून टाकलं. तेव्हा पेई लिन नावाच्या दरबाऱ्यानं अर्ज केला की जो औषध देतो त्यानंच आधी वर्षभर ते खावं, म्हणजे खरं-खोटं कळेल. बक्षीस काय मिळालं? राजधानीबाहेर बदली. औषधानं सम्राटाचा स्वभाव इतका भडकू झाला की आसपासची माणसं जीव मुठीत धरून वावरायची. 820 मध्ये तो मेला तो औषधानं की खोजाच्या हातून, याची कुजबुज तेव्हापासून आहे. मुलगा मुझोंग गादीवर आला, त्यानं लिऊ मीला मारवलं, आणि पुढे स्वतःच तसली औषधं घ्यायला लागला. 824 मध्ये तोही गेला. यात हसण्यासारखं काय आहे? बापाला काय झालं ते डोळ्यांसमोर असताना मुलगा तेच करतो, यावर एक अख्खं प्रकरण होतं. आणि तू तळटीप केलीस.

जाता जाता एक. चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग आपल्या महाराष्ट्रातून फिरून 645 मध्ये परतला तेव्हा गादीवर थायझोंग होता, हे तुला पाठ आहे. त्याच थायझोंगच्या दरबारात 648 मध्ये चिनी दूतानं भारतातून एक किमयागार आणला. चिनी नोंदीतल्या नावावरून तो नारायणस्वामी ठरतो. आपलं वय दोनशे वर्षं असल्याचं तो सांगायचा. दरबारानं त्याला ठेवून घेतलं, औषध करायला लावलं, गुण काही आला नाही. तेव्हा ‘त्यांचा भोळेपणा’ असं लिहिताना जरा जपून, त्यात आपल्याकडचा मालही होता.

आता तुझी ‘शुद्ध’ किमया. तिचा आचार्य चांग पोत्वान, त्यानं 1075 मध्ये लिहिलेल्या कविता उघड. पानोपानी शिसं, पारा, भट्टी, मूस, आगीचं मान. तो वाचकाला सांगतो की हे सगळं शरीराच्या आत चालतं. पण ज्याने खरी भट्टी पाहिली नाही त्याला ‘आग कमी कर’ म्हणजे काय ते कसं कळणार? रूपक आधी वस्तू असतं. वस्तू टाळून रूपकाकडे गेलीस तर पीएच.डी. होईल, पण हातात उदबत्तीचा धूर राहील.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या प्रबंधात भट्टीवर एक लांबलचक प्रकरण होतं. मुलाखतीला बसलेल्या एका मोठ्या माणसानं ते गाळून त्या जागी ‘ताओवादाचा आजच्या जगाला संदेश’ असं काहीतरी घालायला सुचवलं. मी नाही म्हटलं. ती जागा गेली आणि पुढची सगळी वर्षं तालुक्याच्या कॉलेजात फ्रेंच राज्यक्रांती शिकवण्यात गेली. लोक म्हणतात हेकटपणा केला. केला. चीनला जाणं झालं नाही, ताओवाद्यांचा माओशान डोंगर फोटोतच पाहिला, जुनी चिनी केस पिकल्यावर नीट वाचता यायला लागली. याची खंत आहे आणि ती जाणार नाही. ते प्रकरण गाळलं नाही याची खंत नाही. आजही कुणाला गे होंगची भट्टी समजून घ्यायची असली की तो तेच प्रकरण मागतो, संदेश कुणी मागत नाही. बरं, माझं पुराण पुरे.

एक मात्र तू वाचायलाच हवं. थाओ होंगचिंग तुला माहीत आहे: 456 ते 536, दरबार सोडून माओशानवर राहिलेला मोठा विद्वान, ज्याला सम्राट सोनं आणि हिंगूळ पुरवायचा. त्याचा एक शिष्य होता, चौ झिलिआंग. मावशीनं वाढवलेला, बारा वर्षांचा असताना थाओकडे आला. 515 च्या उन्हाळ्यात त्याला दिव्य पुरुष दिसायला लागले. वर तुझ्यासाठी जागा ठेवली आहे, ये, असं सांगायला लागले. त्यानं गुरूला फारसं काही कळू दिलं नाही, गुपचूप लिहीत राहिला. 516 मध्ये, चिनी मोजणीनं विसाव्या वर्षी, औषध घेऊन त्यानं देह ठेवला. त्यानं गुहेत ठेवलेले कागद नंतर थाओला सापडले. त्यानं ते लावले, प्रत्येकावर टिपणं लिहिली आणि 517 मध्ये सम्राटाला सादर केले. ती टिपणं वाच. कागद कसला, अक्षर कसं, ही नोंद कुठल्या नोंदीशी जुळते. केवढ्या काळजीनं लिहिलेली आहेत! आणि त्या काळजीच्या आड एक शिक्षक आहे, ज्याच्या शेजारच्या खोलीत हे चाललं होतं आणि ज्याला ते उशिरा कळलं. माझ्यासारख्या शिकवणाऱ्या बाईला ते थंडपणे वाचता येत नाही. तू दिवसा वाच, रात्री एकटी वाचत बसू नकोस. वाचून झाल्यावर मैत्रिणीला घेऊन चहाला जा. आणि काही आतल्या आत घोळायला लागलं तर मला फोन कर, वेळ बघू नकोस.

सध्या एवढं कर. ‘बाओपूझी’चं चौथं, अकरावं आणि सोळावं प्रकरण मुळातून काढ. अडशील तिथे अड, इंग्रजी भाषांतराकडे लगेच पळू नकोस. प्रत्येक पदार्थापुढे लिही की तो कुठून येतो, किती लागतो, कोण विकतो. तुमच्या गावातल्या आयुर्वेद महाविद्यालयात रसशास्त्र विभाग असेल, तिथे परवानगी काढून जा. पारा-गंधक खलून काळी कज्जली कशी होते आणि वालुकायंत्रात काचकुपी तापवल्यावर त्यातूनच लाल रससिंदूर कसा मिळतो, ते लांबून बघ. हात लावायचा नाही, चाखणं तर लांबच. आच कशी वाढवतात आणि रात्री भट्टीपाशी कोण जागतं, हे तिथल्या जुन्या माणसांना विचार.

छिऊ छूजीला मात्र शेवटी ठेव, तुझ्या नव्या आराखड्यात तो पहिल्या पानावर आहे. सत्तरी ओलांडलेला तो म्हातारा ताओवादी साधू चीनच्या शानतुंगहून निघून हिंदुकुशापर्यंत गेला आणि 1222 मध्ये चंगीजखानानं अमर होण्याचं औषध मागितलं तेव्हा म्हणाला की जीव राखायचे उपाय आहेत, अमर करणारं औषध नाही. तुला ते वाक्य आवडलंय, मलाही आवडतं. पण त्यामागे कित्येक शतकांच्या भट्ट्या आहेत. त्या न दाखवता ते वाक्य पहिल्या पानावर टाकलंस तर ते कुठल्याही कॅलेंडरवर छापता येईल.

विषय बदलण्याचा अर्ज दिला असशील तर सोमवारी जाऊन परत घे. गाइड कुरकुरतील, कुरकुरू देत. आणि सम्राटांवर हसणारी ती तळटीप आधी काढून टाक, मग मला मसुदा पाठव.

तुझी,
बाई