जुनं हॉलिवूड : वाचकांचे प्रश्न

या वेळी पत्रांचा गठ्ठा मोठा आहे. एकाच आशयाची पत्रं एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

आजोबांच्या ट्रंकेत क्लार्क गेबल आणि जीन हार्लो यांचे सही केलेले फोटो निघाले. आजोबा १९३०च्या दशकात अमेरिकेला पत्रं पाठवून फोटो मागवत. सह्या खऱ्या असतील का? (वाचक, सांगली)

फोटो बहुधा खरे आहेत, सह्या बहुधा नाहीत. मोठ्या नटनट्यांना येणारी पत्रं त्यांच्या हातात क्वचितच पडत. प्रत्येक स्टुडिओत चाहत्यांच्या टपालासाठी वेगळा विभाग होता. तिथले कारकून ५×७ इंची फोटो पाकिटात घालून रवाना करत. सही फोटोतच छापलेली असे, रबरी शिक्का मारलेला असे किंवा सेक्रेटरीने गिरवलेली असे.

दहा पट भिंग घ्या आणि फोटोवर बाजूने तिरका उजेड पाडा. छापील सही फोटोच्या चकाकीखाली असते, वर शाईचा थर दिसत नाही. सही पांढरी असेल तर ती बहुधा निगेटिव्हवर काळ्या शाईने केलेली आहे. शिक्क्याची रेघ सगळीकडे सारख्या जोराची आणि कडांना जरा दाट असते. शाईपेनात दोन रेघा एकमेकींना छेदतात तिथे रंग गडद होतो, वळणावर शाई साचते, सुटताना रेघ बारीक होते. आणखी एक सोपी कसोटी म्हणजे बॉलपेन. अमेरिकेच्या दुकानांत ते ऑक्टोबर १९४५मध्ये आलं. हार्लो जून १९३७मध्ये गेली, वय अवघं २६. तिच्या नावाची सही बॉलपेनने असेल तर पुढे तपासायची गरज नाही.

पण शाई खरी निघाली म्हणजे हात खरा, असं मानू नका. हार्लोच्या फोटोंवरच्या बहुतेक सह्या तिच्या आईने केल्या आहेत, आणि सरावाने ती त्यात तरबेज झाली होती. तुलना करायची तर त्याच वर्षातला करारनामा किंवा चेक यांवरच्या सहीशी करा, दुसऱ्या फोटोवरच्या सहीशी नाही. विक्रेत्याने दिलेल्या ‘प्रमाणपत्रा’ची किंमत ते लिहिणाऱ्याच्या नावाएवढीच.

फोटोचं वयही तपासा. पाठ प्लॅस्टिकसारखी गुळगुळीत लागत असेल तर तो कागद १९७०च्या आसपासचा किंवा नंतरचा, म्हणजे नंतर काढलेली प्रत. नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली कागद निळसर पांढरा झळाळला तरी तेच. कागद उजळवणारी ती रसायनं १९५०च्या दशकात आली. उलट, गडद भागांच्या कडेला आरशासारखी निळसर चमक दिसली तर खूश व्हा. चांदी पृष्ठभागावर येऊन बसायला बरीच वर्षं जातात. ती चमक पुसू नका.

असे जुने फोटो कोकणातल्या पावसाळ्यात कसे जपायचे? प्लॅस्टिकच्या अल्बममध्ये लावले तर बुरशी आली. (वाचक, रत्नागिरी)

येणारच. फोटोचा वरचा थर जिलेटिनचा, म्हणजे प्राणिजन्य प्रथिनाचा. बुरशी आणि कसर दोघांचं ते अन्न. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर काही दिवस राहिली की बुरशी धरते. प्लॅस्टिकच्या पाकिटात दमट हवा कोंडते, जिलेटिन मऊ पडून प्लॅस्टिकला चिकटतं आणि सोडवताना चकचकीत डाग राहतात. पीव्हीसीचे स्वस्त अल्बम तर आम्लही सोडतात. कोरड्या हवेत पॉलिएस्टरची पाकिटं उत्तम, पण किनाऱ्यावर आम्ही आम्लमुक्त कागदाची पाकिटंच सुचवू.

पाकिटं घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि सोबत रंग बदलणारी सिलिका जेल. शंभर-दीडशे रुपयांचा आर्द्रतामापक डब्यात टाकून ठेवला की अंदाज राहतो. काटा ३५ ते ५० टक्क्यांत हवा. जेलचा रंग बदलला की ती काढून ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोनेक तास तापवा, गार झाल्यावरच परत ठेवा. डबा भरायचं काम मे महिन्यात करा. जुलैत डबा बंद केलात तर ओल आतच कोंडाल.

आधीच लागलेल्या बुरशीला ओला बोळा लावू नका. बुरशीने खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं आणि बोळ्यासोबत चेहराही निघून येतो. फोटो आधी कोरड्या, पंख्याच्या खोलीत दोन दिवस राहू द्या. बुरशी कोरडी, भुकटीसारखी झाली की तोंडाला मास्क लावून, घराबाहेर, मऊ ब्रशने एकाच दिशेने झटका. लॅमिनेशन मात्र कधीच नको.

त्या काळच्या पोर्ट्रेटमधली चमक आज स्टुडिओत आणता येईल का? सॉफ्टबॉक्स (दिव्याचा उजेड मऊ करणारी पेटी) वापरून पाहिला, जमलं नाही. (वाचक, कोल्हापूर)

सॉफ्टबॉक्समुळेच जमलं नाही. त्या काळचे स्टुडिओ फोटोग्राफर जॉर्ज हरेल किंवा क्लॅरन्स सिंक्लेअर बुल यांच्या फोटोंत मुख्य दिवा कडक असे, फ्रेनेल भिंगाचा (उजेड झोतात गोळा करणाऱ्या भिंगाचा) स्पॉट. आज एलईडीला फ्रेनेल जोडणी लावून तोच उजेड मिळतो. दिवा नाकाच्या थेट रेषेत, चेहऱ्यापासून दीड-दोन मीटरवर आणि इतका उंच घ्या की नाकाखाली छोटी सावली पडेल. सावली ओठाला टेकली तर दिवा फार वर गेला. डोळ्यांतली चमकही तेव्हाच हरवते. नटी मार्लीन डिट्रिचचे गाल खोल दिसतात ते याच मांडणीत.

दुसरा दिवा मागून आणि वरून, केसांवर. त्याला झडपा लावा, नाहीतर नाकाच्या शेंड्यावर पांढरा ठिपका येतो. बहुतेक नकला इथेच फसतात. हरेल मुख्य दिवा लांब दांड्याला टांगून डोक्याभोवती हवा तसा फिरवत असे. तिसरा दिवा फक्त पार्श्वभूमीवर. समोरून भरणीचा, म्हणजे सावल्या भरून काढणारा उजेड देऊ नका. सावल्या फारच काळ्या वाटल्या तर छातीशी थर्माकोलचा पांढरा तुकडा धरा, बस.

त्वचा कोरडी, पावडर लावलेली ठेवू नका. हरेल फाउंडेशन नको म्हणत असे. पापण्यांवर आणि गालाच्या हाडांवर किंचित तेल किंवा व्हॅसलिन लावलं की उजेड तिथे उभा राहतो. मग सुरकुत्यांचं काय? त्या निगेटिव्हवर घालवत. कॅमेरा ८×१० इंची, त्यामुळे निगेटिव्ह हाताएवढी. सुरकुती फोटोत काळी दिसते, म्हणजे निगेटिव्हवर ती पातळ, पारदर्शक असते. तिथे टोकदार पेन्सिलीने शिसं भरलं की छापताना ती उजळते. काही गडद करायचं तर पात्याने थर खरवडत. जोन क्रॉफर्डच्या चेहऱ्यावर भरपूर ठिपके होते. १९३१चा तिचा मूळ फोटो आणि रिटच केलेला फोटो शेजारी ठेवून पाहावेत, तो चेहरा पेन्सिलीने किती घडवला आहे ते कळतं. संगणकावर करायचं तर ‘ब्लर’ नको. एकेक रेघ उजळा, त्वचेचा पोत राहू द्या.

हॉलिवूडची नटी मर्ल ओबेरॉन मुंबईची होती म्हणतात. मग जुन्या मासिकांत तिचा जन्म टास्मानियातला का? (वाचक, दादर)

जन्म मुंबईचाच, १९११चा. शिक्षण कलकत्त्यात. टास्मानिया ही प्रसिद्धी विभागाची करामत: मिश्र वंशाच्या मुलीला तेव्हाच्या पडद्यावर गोऱ्या नायकाची नायिका होऊ दिलं नसतं. टास्मानिया इतकं लांब की कुणी चौकशीला जाणार नाही. १९३५च्या चित्रपटासाठी तिला ऑस्करचं नामांकन मिळालं, तेही या उसन्या जन्मगावासकट. १९७८मध्ये टास्मानियाची राजधानी होबार्टने तिचा सत्कार केला तेव्हाही तिने खरं सांगितलं नाही. पुढच्या वर्षी ती गेली.

तिच्या नावाचा एक दिवाही आहे, ‘ओबी’. १९३७च्या मोटार अपघातात तिच्या चेहऱ्यावर व्रण राहिले. १९४४च्या ‘द लॉजर’साठी छायालेखक ल्युसिअन बॅलार्डने छोटा दिवा कॅमेऱ्याच्या भिंगाला लागूनच बसवला. दिवा आणि भिंग एकाच रेषेत आले की व्रणाची सावली बरोबर त्याच्या मागे पडते आणि कॅमेऱ्याला दिसतच नाही. छायालेखक आजही हा दिवा वापरतात. पुढे दोघांचं लग्न झालं.

एवढे पैसे मिळत असूनही तारे स्टुडिओचे ‘वेठबिगार’ होते, असं का म्हणतात? (वाचक, नागपूर)

करार सात वर्षांचा, पण बांधील फक्त कलाकार. दर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने त्याला ठेवायचं की नाही, हे स्टुडिओ ठरवे. पगार साधारणपणे वर्षातल्या ४० आठवड्यांचाच. नटाला दुसऱ्या स्टुडिओकडे भाड्याने दिलं तर वरचा पैसा मालकाचा. भूमिका नाकारली की बिनपगारी निलंबन, आणि ते दिवस कराराच्या शेवटी जोडले जात. म्हणजे सात वर्षं कधी संपतच नसत. नटी बेटी डेव्हिस अशा करारातून सुटण्यासाठी १९३६मध्ये इंग्लंडच्या कोर्टात लढली आणि हरली. ऑलिव्हिया द हॅव्हिलंडने १९४३मध्ये वॉर्नर ब्रदर्सला कॅलिफोर्नियाच्या कोर्टात खेचलं. डिसेंबर १९४४मध्ये अपील कोर्टाने सांगितलं की सात वर्षं म्हणजे कॅलेंडरची सात वर्षं. तो निकाल अजून तिच्या नावानेच ओळखला जातो. त्यासाठी तिने जवळजवळ दोन वर्षं काम गमावलं.

लॉस एंजेलिसला दोन दिवस आहेत. जुन्यापैकी काय उरलंय? (वाचक, न्यू जर्सी)

मनात असतील त्यातली निम्मी ठिकाणं पाडली गेली आहेत. मेरी पिकफर्ड आणि डग्लस फेअरबँक्स यांचा बंगला पिकफेअर १९९०मध्ये गेला, कोकोनट ग्रोव्ह हा नाइटक्लब असलेलं अ‍ॅम्बॅसडर हॉटेलही २००५-०६मध्ये. त्यामुळे हॉलिवूड बुलेव्हार्डवर सुरुवात करा. १९२७च्या चायनीज थिएटरचं अंगण सकाळी लवकर गाठा, दहानंतर पावलांचे ठसे गर्दीखाली जातात. समोरच रूझवेल्ट हॉटेल, पहिले ऑस्कर इथेच १६ मे १९२९ला दिले गेले. १९१९पासून चालू असलेलं मुसो अँड फ्रँक रेस्टॉरंट तिथून चालत जाण्याजोगं. सनसेटवर ८४३३ क्रमांकाला कॉमेडी स्टोअर आहे, तीच ‘सीरोज’ या जुन्या नाइटक्लबची इमारत. हा क्लब बिली विल्करसनचा, आणि सिनेधंद्याचं दैनिक ‘हॉलिवूड रिपोर्टर’ही त्याचंच. क्लबात कोण कुणाबरोबर बसलं ही बातमी कशी फुटे, ते आता वेगळं सांगायला नको.

दुसरा दिवस पॅरामाउंटच्या भिंतीला लागून असलेल्या हॉलिवूड फॉरएव्हर दफनभूमीला द्या, मूकपटांचे नायक व्हॅलेंटिनो आणि डग्लस फेअरबँक्स तिथे आहेत. मूळ फोटो आणि कागदपत्रं पाहायची असतील तर बेव्हर्ली हिल्समधली मार्गारेट हेरिक लायब्ररी. तिथे फी नाही, पण ओळखपत्र लागतं. भेटीची वेळ आधी ठरवून जा.

जुने चित्रपट टीव्हीवर लावले की डोकी कापली जातात. (वाचक, पुणे)

टीव्ही चित्र ताणतोय किंवा मोठं करतोय. १९५३पूर्वीची चौकट जवळजवळ चौकोनी, १.३७ ला १. सेटिंगमध्ये ‘झूम’ किंवा ‘वाइड’ असेल ते बदलून ‘मूळ’ किंवा ‘४:३’ करा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे आले की चित्र बरोबर आहे. ‘मोशन स्मूदिंग’ (हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग) हेही बंद करा, नाहीतर गार्बो मालिकेतल्या सुनेसारखी दिसते.