वडिलांच्या बायपाससाठी हॉस्पिटलनं ‘कोटेड सर्किट’चे जादा पैसे सांगितलेत. द्यावेत का?

आधी विचारा, ऑपरेशन पंपावर, म्हणजे हार्ट-लंग मशिन लावून आहे, की धडधडत्या हृदयावर? आपल्याकडं बायपासच्या कितीतरी केसेस पंप न लावताच होतात. तसं असेल तर सर्किट, म्हणजे मशिनमधून रक्त फिरवणाऱ्या नळ्यांचा सेट, लागतच नाही, मग कोटिंगचे पैसे कसले?

मी नाशकात बरीच वर्षं हार्ट-लंग मशिन चालवलं. नातेवाईक सर्जनच्या पाया पडतात. पेशंटचं सगळं रक्त ज्याच्या नळ्यांतून फिरतं, त्या परफ्युजनिस्टचं नावही कुणाला ठाऊक नसतं. असो.

रक्ताला प्लॅस्टिक परकं वाटतं. नळीला, ऑक्सिजनेटरला (रक्तात ऑक्सिजन मिसळणारा भाग) टेकलं की ते गोठायला बघतं, प्लेटलेट खर्ची पडतात, अंगभर सुजेची साखळी सुरू होते. नळ्यांना आतून दिलेल्या कोटिंगनं हे कमी होतं, थांबत नाही. रक्तस्राव थोडा कमी, रक्ताच्या पिशव्या थोड्या कमी, एवढा फायदा मी मानतो. कोटेडमुळं जास्त माणसं वाचतात म्हणून कुणी सांगत असेल तर तो सेट विकतोय.

पण या कोटेडपायी माझं एकदा वाजलं होतं. निफाडकडचे एक द्राक्षबागायतदार, झडप बदलायची होती, छाती दुसऱ्यांदा उघडलेली. सर्जन म्हणाले, ‘‘सर्किट कोटेड आहे, हेपरिन निम्मंच द्या.’’ हेपरिन म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध. नेहमीचा डोस वजनाच्या किलोला ३०० ते ४०० युनिट, आणि एसीटी, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ, ४८० सेकंदांच्या वर गेल्याशिवाय आम्ही पंपावर जात नाही. निम्म्या डोसवर एसीटी आला २६०. मी म्हणालो, ‘‘सर, मी पंप सुरू करणार नाही.’’ ओटीत चिडीचूप. कोटिंग नळीला असतं हो, छातीत साचलेल्या रक्ताला नसतं! तेच रक्त सकरनं, म्हणजे शोषनळीनं, ओढून परत माझ्याच रिझर्व्हॉयरमध्ये, मशिनच्या रक्त साठवायच्या डब्यात येणार. शेवटी भूलतज्ज्ञ मॅडमनी काही न बोलता उरलेला डोस दिला. केस नीट झाली. सर दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. निम्म्यावरही निभावलं असतं, असं ते अजून म्हणतात. निभावलंही असतं कदाचित. पण गुठळी ऑक्सिजनेटरमध्ये झाली असती तर जबाब माझ्याकडं मागितला असता.

म्हणून पैसे भरण्याआधी एवढं विचारा: कोटेड घेतलं तर हेपरिन कमी करणार का? ‘हो’ म्हणाले तर का, ते समजून घ्या. सकरचं घाण रक्त धुऊन परत देणार की तसंच? माझ्या मते पिशव्या वाचतात त्या इथं, आणि नळ्या छोट्या ठेवून रक्त कमी पातळ केलं तर. सर्किट छोटं ठेवायला जादा पैसे पडत नाहीत.

कमी हेपरिनवर काम करणारी सेंटर आहेत, पण त्यांची बंद (रक्ताला हवा न लागू देणारी) सर्किटं आणि सकरची शिस्त वेगळी. लहान बाळ असेल किंवा एक्मोवर (हृदय-फुफ्फुसांचं काम बाहेरून करणारं मशिन) दिवसच्या दिवस ठेवायचं असेल, तर मी स्वतः कोटेडच मागेन. वडिलांची पहिलीच, साधी बायपास असेल आणि पैशांची ओढाताण असेल, तर कर्ज काढू नका.

आणि घेतलंच, तर पाकिटावरचं स्टिकर फाइलला लावायला सांगा. बिलात कोटेड आणि पंपावर साधं, हेही मी पाहिलंय.