गोळ्यांवर भागणार नाही. पण आधी सिरिंजचं टोपण बघा

तुमच्या नऊ वर्षांच्या लॅब्रॅडॉर कुत्रीची साखर ४१० निघाली, डॉक्टरांनी दिवसातून दोनदा इन्शुलिन सांगितलंय आणि सुईची भीती वाटते म्हणून गोळ्या किंवा कारल्याचा रस चालेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही चालणार. कुत्र्यांच्या मधुमेहात स्वादुपिंडातून इन्शुलिन तयार होणंच जवळजवळ थांबलेलं असतं. (मांजरांचं वेगळं, वेळेत उपचार मिळाले तर त्यांच्यातल्या काहींची इन्शुलिनची सुई पुढे बंदही होते.) आमची पॉमेरियन शू करायची तिथे मुंग्या लागायला लागल्या, तरी मी आठवडाभर मेथीचं पाणी पाजत बसले. तो आठवडा अजून मनाला लागतो.

सुईचं म्हणाल तर ती केसासारखी बारीक असते. पाठीवरची किंवा कुशीवरची सैल कातडी चिमटीत उचलायची आणि तिथे टोचायचं. जागा रोज थोडी बदला. चार-पाच दिवसांत हात बसतो.

खरी काळजी सिरिंजची घ्या. आपल्याकडे इन्शुलिन दोन ताकदींत मिळतं, एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट किंवा १०० युनिट, आणि सिरिंजही तशाच दोन. ४० ची लाल टोपणाची, १०० ची केशरी. मेडिकलवाल्याने मला ४० च्या बाटलीसोबत केशरी टोपणाची सिरिंज दिली आणि मी पाहिलंच नाही. त्या सिरिंजवर ५ च्या खुणेपर्यंत भरलं की प्रत्यक्षात २ युनिटच जातात. तीन आठवडे साखर उतरेना. डॉक्टर डोस वाढवणारच होते, तेवढ्यात त्यांनी सिरिंज बघायला मागितली म्हणून उलगडा झाला. चूक उलटी असती, म्हणजे १०० चं इन्शुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये, तर अडीचपट डोस गेला असता.

आम्ही सकाळी सात आणि संध्याकाळी सात धरलं होतं. आधी खाणं, मग सुई. खाल्लं नाही तर नेहमीचा डोस देऊ नका, डॉक्टरांना फोन करा. सुई नीट गेली की नाही अशी शंका आली, तरी दुसऱ्यांदा टोचू नका. एखादा डोस चुकला तर निभावतं, दोनदा गेला तर जिवावर बेततं. झोकांड्या जाणं, थरथर, शून्यात बघत राहणं ही साखर उतरल्याची लक्षणं. लगेच मध किंवा ग्लुकोजचं पाणी बोटाने हिरड्यांना चोळा आणि दवाखाना गाठा. बेशुद्ध असेल तर तोंडात काही ओतू नका. शुगर-फ्री पदार्थ घरात उघडे ठेवू नका, त्यांतलं झायलिटॉल कुत्र्यांना विषारी आहे.

तिचं नसबंदीचं ऑपरेशन झालंय का, हे तुम्ही लिहिलं नाहीत. झालं नसेल तर आजच डॉक्टरांशी बोला. माजानंतर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढतं, त्यामुळे शरीर इन्शुलिनला दाद देत नाही, आणि मग डोस कितीही बसवला तरी विस्कटतो.

डोळ्यांवरही लक्ष ठेवा. मधुमेही कुत्र्यांना मोतीबिंदू फार लवकर होतो. आमचीची नजर आठ महिन्यांत गेली. आम्ही घरातलं सामान होतं तिथेच ठेवलं, वाटी एकाच कोपऱ्यात ठेवली, आणि ती पुढे चार वर्षं वाटीच्या आवाजावर बरोबर सातला येऊन उभी राहायची.

डोस किती, ते तुमचे डॉक्टरच ठरवतील. आज संध्याकाळच्या सुईआधी बाटलीवरचा आकडा आणि टोपणाचा रंग बघून इथे लिहा. मी जागी आहे.