‘स्पॉन्सरशिप लागेल का?’ तिथे ‘नाही’ लिहू का?

प्रश्न : मी अमेरिकेत डेटा सायन्समध्ये एमएस केलं. ओपीटी (शिक्षणानंतर अमेरिकेत काम करण्याची तात्पुरती परवानगी) सुरू होऊन ४१ दिवस झाले, अजून नोकरी नाही. अडीचशेच्या वर अर्ज केले. अर्जातल्या ‘स्पॉन्सरशिप लागेल का’, म्हणजे कंपनीला माझ्यासाठी व्हिसाचा अर्ज करावा लागेल का, याला ‘हो’ म्हटलं की कधी कधी दहा मिनिटांत नकाराची ईमेल येते. माझ्यातच काहीतरी कमी आहे असं वाटायला लागलंय. रूममेट म्हणते, ‘नाही’ लिही, पुढचं पुढे बघू. एक कन्सल्टन्सी रेझ्युमेत दोन वर्षांचा अनुभव ‘घालून देते’ म्हणतेय. काय करू?

उत्तर : दहा मिनिटांत आलेला नकार बहुधा माणसाने दिलेला नसतो. तुझा रेझ्युमे कुणी उघडलेलाच नसतो. अर्ज गाळणाऱ्या सॉफ्टवेअरने एक रकाना पाहिला आणि अर्ज बाजूला पडला. त्यावरून स्वतःची किंमत ठरवू नकोस.

आता रूममेटचा सल्ला. या फॉर्मवर सहसा दोन प्रश्न असतात आणि ते वेगवेगळे आहेत. पहिला, अमेरिकेत काम करण्याची कायदेशीर परवानगी आहे का? ओपीटीचं कार्ड हातात आहे, म्हणजे ‘हो’. हे बिनदिक्कत लिही. दुसरा, आत्ता किंवा पुढे कधी स्पॉन्सरशिप लागेल का? ‘पुढे कधी’ हे शब्द तुझ्यासारख्यांसाठीच घातलेत. इथेही ‘हो’च. फॉर्मवर फक्त पहिलाच प्रश्न असेल तर तेवढ्याचंच उत्तर दे, न विचारलेलं तिथे सांगत बसू नकोस.

‘नाही’ लिहिल्यावर काय होतं ते मी जवळून पाहिलंय. माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या एका मुलाला अशी नोकरी लागली. दहा महिने छान गेले. मग स्टेमची, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-गणित अशा विषयांत शिकलेल्यांना ओपीटीवर मिळणारी, २४ महिन्यांची मुदतवाढ मागायची वेळ आली. त्यासाठी कंपनी ई-व्हेरिफाय या, कर्मचाऱ्यांची काम करण्याची परवानगी तपासणाऱ्या सरकारी यंत्रणेत नोंदलेली असावी लागते आणि आय-९८३ या प्रशिक्षण आराखड्यावर तिची सही लागते. तो फॉर्म घेऊन मॅनेजरच्या टेबलापाशी गेला. मॅनेजरने जुना अर्ज उघडून स्क्रीन त्याच्याकडे वळवली. कंपनी ई-व्हेरिफायमध्ये नव्हतीच, आणि ज्याने आधी खोटं सांगितलं त्याच्यासाठी नोंदणी करायला कुणी तयार होईना. त्याच्या कामाबद्दल एकही तक्रार नव्हती, तरी नोकरी गेली.

तुझी खरी चूक ‘हो’ लिहिण्यात नाही, कुठे अर्ज करतेस त्यात आहे. तू जाहिरात पाहून अर्ज करतेस. तुझ्या परिस्थितीत आधी कंपनी निवडायची, जाहिरात नंतर. एच-१बी या नोकरीच्या व्हिसासाठी कंपनीला आधी कामगार खात्याकडे एलसीए हा हुद्दा-पगार सांगणारा अर्ज भरावा लागतो आणि त्याची माहिती ते खातं सगळ्यांसाठी खुली ठेवतं. एक्सेलची भली मोठी फाइल असते. कंपनीचं नाव, हुद्दा, कामाचं ठिकाण, पगार, वेतनस्तर (त्या भागात त्या कामाच्या पगाराच्या चार पायऱ्यांपैकी कोणती) सगळं त्यात. ‘डेटा सायंटिस्ट’, ‘स्टॅटिस्टिशियन’, ‘ऑपरेशन्स रिसर्च ॲनालिस्ट’ अशा हुद्द्यांचे फिल्टर लाव. मोठमोठी नावं सोड, ती सगळ्यांनाच माहीत असतात. वर्षाला दोन-चार, पाच-सात एलसीए भरणाऱ्या कंपन्या शोध. त्यांना प्रक्रिया ठाऊक असते आणि दारात गर्दी कमी असते. अशा चाळीस कंपन्यांची यादी कर आणि तिथल्या टीममधल्या माणसांना थेट लिही. मला हे अडीचशे अर्जांपेक्षा मोलाचं वाटतं.

दुसरी वाट मुलं सर्रास विसरतात. विद्यापीठं, त्यांच्याशी संलग्न ना-नफा रुग्णालयं आणि ना-नफा संशोधन संस्था एच-१बीच्या वार्षिक मर्यादेत येत नाहीत. ती मर्यादा ६५,००० ची, शिवाय अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी २०,०००. बाकीच्या कंपन्यांना मार्चमध्ये नोंदणी करून सोडतीतल्या निवडीची वाट बघावी लागते आणि निवड झाली तर काम १ ऑक्टोबरपासून. या संस्था मात्र वर्षात कधीही अर्ज करू शकतात. पगार थोडा कमी असतो, पण डेटाचं काम तिथे भरपूर आहे.

निवडीचं गणितही बदललंय. २०२४ पासून निवड माणसागणिक होते, त्यामुळे चार कंपन्यांकडून नाव घालून नशीब चौपट होत नाही. २०२६ पासून वेतनस्तरानुसार वजन दिलं जातं: चौथ्या स्तरातल्याचं नाव सोडतीत चार वेळा, पहिल्यातल्याचं एकदा. म्हणून ऑफर येईल तेव्हा आकड्याइतकंच तो त्या शहरात कोणत्या स्तरात बसतो तेही विचार. एच-१बीच्या अर्जासोबत मागितलेल्या १,००,००० डॉलरच्या रकमेने घाबरून गेली असशील, तर सप्टेंबर २०२५ च्या त्या आदेशाचा रोख मुख्यतः देशाबाहेरच्या उमेदवारांसाठीच्या नव्या अर्जांवर आहे. देशात राहूनच स्टेटस बदलणाऱ्यांना ती रक्कम लागू नाही, असं युएससीआयएस या इमिग्रेशन खात्याने ऑक्टोबर २०२५ मध्ये स्पष्ट केलं. मात्र तसा अर्ज प्रलंबित असताना देशाबाहेर पडू नकोस. घरी लग्न असलं तरी आधी वकिलाला विचार.

मुलाखतीत विषय निघाला की चाचरू नकोस. सरळ सांग : ‘ओपीटी आणि स्टेम मुदतवाढ धरून माझ्याकडे जवळपास तीन वर्षं आहेत. तेवढा काळ कंपनीला व्हिसासाठी अर्ज करावा लागणार नाही, ई-व्हेरिफाय आणि एक फॉर्म पुरे. त्यानंतर एच-१बी लागेल.’ पुष्कळ रिक्रूटरांना हे माहीतच नसतं. दुसऱ्या फेरीपर्यंत हे बोलून घे, ऑफरनंतर नको.

कन्सल्टन्सीला आजच नाही म्हण. तो खोटा अनुभव पुढे सरकारी अर्जात गेला तर फसवणुकीच्या कलमाखाली अमेरिकेचं दार कायमचं बंद होऊ शकतं. आणि जो कुणी एच-१बीच्या अर्जाचे पैसे तुझ्याकडे मागेल किंवा ‘प्रोजेक्ट नसेल तेव्हा पगार नाही’ म्हणेल, तिथून उठून ये. त्या अर्जासोबत कंपनीने भरायची प्रशिक्षण फी कर्मचाऱ्याकडून घ्यायला कायद्याने बंदी आहे आणि एच-१बीवरच्या माणसाला बेंचवर बसवलं तरी पगार द्यावाच लागतो.

राहिला ९० दिवसांचा हिशोब. ओपीटीवर एकूण इतकेच दिवस नोकरीविना राहता येतं. तुझे ४१ गेले, ४९ उरलेत. ओपीटीच्या पहिल्या वर्षात तुझ्या विषयातलं, आठवड्याला किमान २० तासांचं बिनपगारी कामही नोकरीत धरलं जातं, फक्त कामगार कायद्यात बसणारं हवं. ज्या प्राध्यापकांकडे प्रोजेक्ट केलास त्यांना उद्याच विचार. हो म्हणाले तर तास आणि कामाचं स्वरूप लिहिलेलं पत्र घे, विद्यापीठाच्या डीएसओला (परदेशी विद्यार्थ्यांचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याला) दाखव, ओपीटीच्या पोर्टलवर काम सुरू झाल्याची तारीख भर. दिवस मोजणं तिथे थांबेल. मग मला त्या चाळीस कंपन्यांची यादी पाठव, आपण ती एकत्र बघू.