इंडियाना विद्यापीठाचा फुटबॉल संघ आणि कोल्हापूरचा मुलगा : सविस्तर उत्तर

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा : मुलगा अकरावीत आहे, तालमीच्या फुटबॉल संघाच्या लहान गटातून खेळतो, बारावीनंतर अमेरिकेत पदवीला जायचं म्हणतो आणि तिथं विद्यापीठाच्या संघातून फुटबॉलही खेळायचा म्हणतो. त्यानं इंडियाना विद्यापीठाचं नाव काढलंय. तिथल्या पुरुष संघाचा इतिहास खरंच एवढा मोठा आहे का, आणि आपल्या पोराला तिथं कोण विचारणार का, हे तुम्हाला हवंय.

मी मूळचा कोल्हापूरचा, आता बरीच वर्षं ब्लूमिंग्टनमध्येच राहतो. हे विद्यापीठाचं गाव, इंडियानापोलिसपासून गाडीनं तासाभरावर. संघाचे सामने मी मैदानात जाऊन बघतो. म्हणून आधी इतिहास नीट सांगतो, कारण पोरानं तो पुरता वाचला तर त्याचे निम्मे प्रश्न तिथंच सुटतील.

इतिहास मोठा आहेच. राष्ट्रीय विजेतेपदं आठ : १९८२, १९८३, १९८८, १९९८, १९९९, २००३, २००४ आणि २०१२. यापेक्षा जास्त फक्त सेंट लुईस विद्यापीठाकडे आहेत, दहा. पण ती सगळी १९७३ पर्यंतची. इंडियानाचा संघ १९८७ पासून २०२४ पर्यंत एकाही वर्षी राष्ट्रीय स्पर्धेत पोचला नाही असं झालेलं नाही. माझ्या मते विजेतेपदांपेक्षा हीच गोष्ट जास्त मोलाची. चार वर्षांनी सगळी पोरं पदवी घेऊन निघून जातात, दर वर्षी नवीन येतात, आणि तरी संघ पडत नाही.

आता मुळाशी जाऊ. १९६३ साली जेरी यीगली नावाचा तरुण पेनसिल्व्हेनियातून इथं आला. वेस्ट चेस्टर कॉलेजच्या ज्या संघानं १९६१ ची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली, त्यात तो स्वतः खेळलेला. इथं त्याच्याकडे सॉकरचा, म्हणजे आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याचा, क्लब आला. क्लब म्हणजे काय, हे पोराला नीट सांगा. विद्यापीठाचा अधिकृत संघ नव्हे; खेळाची शिष्यवृत्ती नाही, पोरांनी वर्गणी काढायची, प्रवासाचं आपलं आपण बघायचं. यीगलींनी असा क्लब एक-दोन नाही, दहा वर्षं चालवला. विद्यापीठानं अधिकृत संघाचा दर्जा दिला तो १९७३ साली. आणि त्यानंतर तिसऱ्याच वर्षी, १९७६ ला, संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात उभा होता.

लोक याला चमत्कार म्हणतात. मला तसं वाटत नाही. दहा वर्षं पैसा नसताना माणूस टिकून राहिला, तेव्हाच ती इमारत उभी राहिली होती. १९७३ ला फक्त पाटी लागली.

तरीही पहिलं विजेतेपद सहज आलं नाही. १९७६, १९७८, १९८० असे तीन अंतिम सामने हरले, आणि तिन्ही वेळा समोर सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठ. मग १९८२ ला फोर्ट लॉडरडेलला ड्यूक विद्यापीठाविरुद्धचा अंतिम सामना. पोराला हा सामना जरूर सांगा. नव्वद मिनिटांत बरोबरी, मग जादा वेळ, पुन्हा जादा वेळ, असे आठ जादा डाव झाले. पेनल्टीवर निकाल लावण्याची सोय तेव्हा नव्हती. कोणीतरी गोल करेपर्यंत खेळायचं. शेवटी इंडियाना २-१ नं जिंकली आणि दोन्ही गोल ग्रेग थॉम्प्सनचे. पुढच्या वर्षी त्याच गावात कोलंबिया विद्यापीठाला जादा वेळेत १-० हरवलं. १९८८ ला अंतिम सामना घरच्या मैदानावर, हॉवर्ड विद्यापीठाविरुद्ध, तोही १-०.

पोराच्या दृष्टीनं एक गोष्ट इथं महत्त्वाची. कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूला हर्मन ट्रॉफी मिळते. इंडियानाच्या पोरांनी ती बऱ्याच वेळा नेली, आणि पहिले दोन मानकरी परदेशात जन्मलेले : १९७८ चा अँजेलो डीबर्नार्डो मूळचा अर्जेंटिनाचा, १९८१ चा अर्मांडो बेटनकोर्ट होंडुरासचा. १९९८ आणि १९९९ च्या विजेत्या संघांत युक्रेनची पोरं होती. १९९९ च्या अंतिम सामन्यात सँटा क्लाराविरुद्धचा एकमेव गोल युरी लाव्रिनेंकोचा. म्हणजे बाहेरून आलेल्यांना इथं दार बंद आहे असं कधीच नव्हतं. पण संघाचा कणा कायम आसपासच्या मुलखातला. सेंट लुईसमधून क्रिस क्लाइन, पॅट नूनन आले. शिकागोजवळच्या शॉमबर्गमधून केन स्नो आला आणि त्यानं हर्मन ट्रॉफी दोनदा मिळवली, १९८८ आणि १९९० ला. प्रशिक्षक त्या गावांतले क्लब, त्यांचे गुरुजी, घरची माणसं, सगळं ओळखून असतात. आपल्याकडे पाटाकडील किंवा खंडोबा तालमीच्या जुन्या खेळाडूंना कुठल्या गल्लीत कोणाचं पोर डाव्या पायानं चांगलं मारतं हे ठाऊक असतं, तसंच हे.

२००३ चा हंगाम यीगलींचा शेवटचा. सुरुवात इतकी वाईट झाली की संघ स्पर्धेत तरी जाईल का अशी चर्चा होती. डिसेंबरात कोलंबसला सेंट जॉन्सला २-१ हरवून सहावं विजेतेपद घेतलं आणि ते निवृत्त झाले. कारकिर्दीतला तो त्यांचा ५४४ वा विजय. पुढच्याच वर्षी त्यांचे जुने खेळाडू आणि सहायक माइक फ्रायटॅग यांनी सातवं जिंकलं, यूसी सँटा बार्बराविरुद्ध पेनल्टीवर. २०१० पासून जेरींचा मुलगा टॉड यीगली. तो नव्वदच्या दशकात इथंच खेळला, मग कोलंबस क्रूकडून व्यावसायिक खेळला, आणि २०१२ ला जॉर्जटाउनला १-० हरवून आठवं विजेतेपद त्यानं आणलं. १९६३ पासून प्रशिक्षक तीनच. अमेरिकेत प्रशिक्षकाची नोकरी दोन हंगाम वाईट गेले की जाते. तिथं हे फार दुर्मीळ आहे. म्हणून मुलगा कुठलंही विद्यापीठ निवडो, आधी हे बघा : प्रशिक्षक किती वर्षं टिकलाय, आणि त्याच्या हाताखाली किती पोरं पदवी घेऊन बाहेर पडतात. कपाटातल्या ढाली नंतर मोजा.

२०१२ नंतर काय झालं तेही सांगतो, कारण त्यातूनच आजची परिस्थिती कळते. तीन अंतिम सामने खेळले, तिन्ही हरले. २०१७ ला स्टॅनफर्डकडून जादा वेळेत. २०२० चा हंगाम कोविडमुळे लांबला आणि मे २०२१ मध्ये मार्शल विद्यापीठाकडून, पुन्हा जादा वेळेतच, १-०. २०२२ ला सिराक्यूजशी २-२ आणि मग पेनल्टीवर ७-६. यातला मार्शलचा सामना मी मुद्दाम निवडतो. मार्शल हे वेस्ट व्हर्जिनियातलं, फुटबॉलमध्ये फारसं नाव नसलेलं विद्यापीठ. त्यांचे प्रशिक्षक इंग्लंडचे, संघात परदेशी पोरांचा भरणा, आणि निर्णायक गोल करणारा जमील रॉबर्ट्सही इंग्लंडचाच. आज कॉलेजच्या वरच्या पातळीवर परदेशी पोरं भरपूर येतात. पण ती बहुतेक युरोपातल्या व्यावसायिक क्लबांच्या अकादमीत घडलेली असतात. तुमच्या पोराची स्पर्धा त्यांच्याशी आहे. अनिकेत जाधव आपल्या कोल्हापूरचाच, २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. साधारण त्या दर्जाचा खेळ आणि त्या दर्जाचं प्रशिक्षण असेल तर प्रशिक्षक चित्रफीत उघडून बघतील. नसेल तर उत्तरही येणार नाही, आणि त्यात पोरानं मनाला लावून घेण्यासारखं काही नाही.

वेळेचं गणितही अवघड आहे. इथल्या नियमाप्रमाणे दहावीचं वर्ष संपल्यावर १५ जूनपासून प्रशिक्षक मुलांशी थेट बोलू शकतात. म्हणजे तुमचा मुलगा आत्ता आहे त्या वयात इथल्या बऱ्याच पोरांचं ठरून गेलेलं असतं. उरलेल्या जागांवर दुसऱ्या विद्यापीठांतून बदली घेऊन आलेले, दोन-तीन वर्षं खेळलेले खेळाडू येतात. शिष्यवृत्तीचंही ऐका. कालपरवापर्यंत एनसीएए या कॉलेज खेळांच्या मुख्य संघटनेच्या पहिल्या, म्हणजे सगळ्यात वरच्या श्रेणीतल्या पुरुष संघाला मिळून ९.९ शिष्यवृत्त्या देता येत, त्याही पंचवीस-तीस पोरांत वाटून. खेळाडूंनी एनसीएएवर केलेल्या दाव्यात २०२५ ला न्यायालयीन तडजोड झाली, त्यानंतर ती मर्यादा बऱ्याच ठिकाणी गेली, पण संघात २८ च खेळाडू ठेवायचे असं बंधन आलं. पूर्वी शेवटच्या बाकावर एखादा होतकरू पोरगा घेत, ती जागा आता आकसली. तेव्हा "पूर्ण शिष्यवृत्ती मिळवून देतो" म्हणून काही लाख मागणारा एजंट भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा. परदेशी विद्यार्थ्याची इथली फी वर्षाला ४०,००० डॉलरच्या आसपास आहे. राहणं, जेवण, आरोग्यविमा वेगळा. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवरच, आठवड्याला वीस तासच काम करता येतं. त्यातून जेवणखर्च निघेल, फी निघत नाही.

तरीही पोराला नाही म्हणू नका, असं मी कळकळीनं सांगतो. ज्या क्लबातून हा सगळा इतिहास निघाला, तसा क्लब आजही इथं आहे, आणि अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या विद्यापीठांत आहे. ऑगस्टमध्ये सत्र सुरू होताना निवड चाचणी होते. तिथं कोणी जुनी चित्रफीत मागत नाही, चेंडू देतात आणि खेळ बघतात. दुसऱ्या विद्यापीठांच्या क्लबांशी सामने होतात. वर्गणी भरावी लागते, पहाटे उठून मिळेल त्या गाडीनं चार तास प्रवास करावा लागतो. पण तालमीत वाढलेल्या पोराला यात नवीन काय आहे? पेठेत वर्गणी गोळा करूनच संघ उभे राहतात. आणि खेळ कच्चा नसतो. शाळेत असताना चांगल्या संघांतून खेळलेली पण अभ्यास अवघड निवडलेली पोरं तिथं असतात. शिष्यवृत्तीच हवी असेल तर लहान विद्यापीठंही बघा, दुसऱ्या श्रेणीतली आणि एनएआयए या वेगळ्या संघटनेतली. तिसऱ्या श्रेणीत खेळाची शिष्यवृत्ती नसते, पण गुणांवर चांगली सवलत मिळते.

इथं मैदानावर कसं असतं तेही त्याला कळू दे. बिल आर्मस्ट्राँग स्टेडियम १९८१ चं. हिरवळीभोवती जळक्या कोळशाच्या चुऱ्याची धावपट्टी आहे, कारण वसंतात तिथंच विद्यापीठाची नावाजलेली सायकल शर्यत होते. त्यामुळे प्रेक्षक आणि खेळ यांत थोडं अंतर पडतं, आपल्या शाहू स्टेडियमसारखा आवाज अंगावर येत नाही. हंगाम ऑगस्ट ते डिसेंबर. ऑगस्टच्या सामन्यात घाम निथळतो, नोव्हेंबरच्या रात्रीच्या सामन्यात बदली खेळाडू जाड कोट घालून बसलेले आणि प्रत्येकाच्या तोंडातून वाफ. आठवड्याला दोन सामने, त्यात परगावचा प्रवास आणि मंगळवारी सकाळी गणिताची परीक्षा. बाहेर काढलेला खेळाडू पुन्हा आत घेता येतो, त्यामुळे दमणं कोणाला परवडत नाही; पहिल्या मिनिटापासून जोरात पळायचं. आपली पोरं तंत्रात कमी नसतात, या पळण्यात मागं पडतात. आत्तापासून तेवढं करायला सांगा.

आता लगेच करायच्या गोष्टी. एनसीएएची पात्रता नववीपासूनच्या गुणांवर ठरते, फक्त बारावीच्या बोर्डावर नाही. म्हणून नववी, दहावी, अकरावीच्या मूळ गुणपत्रिका शाळेच्या शिक्क्यासह आजच काढून ठेवा. बारावीनंतर प्रवेश परीक्षांसाठी वर्ष-दोन वर्षं घरी बसायचा विचार असेल तर सावध राहा. फुटबॉलमध्ये शाळा संपल्यावर साधारण वर्षभराची मुभा असते; त्यानंतर स्पर्धांत खेळत राहिलं तर पुढं खेळायची वर्षं कमी होऊ शकतात. नियम हल्ली वरचेवर बदलतात, म्हणून एनसीएएच्या पात्रता केंद्रात नाव नोंदवून त्यांच्याकडूनच लेखी विचारा. आणि कुठल्याही क्लबाशी पगाराचा करार त्यांना विचारल्याशिवाय करू देऊ नका.

शाखा कुठली घ्यायचीय, घरातून वर्षाला किती खर्च झेपेल आणि नववी-दहावीचे गुण किती, एवढं मला कळवा. सामन्याची चित्रफीत असेल तर पूर्ण सामन्याची पाठवा, नुसते गोल तोडून जोडलेली नको; चेंडू पायात नसताना तो काय करतो हे इथले प्रशिक्षक आधी बघतात. ते बघून कुठल्या पाच-सहा विद्यापीठांना लिहायचं हे मी तुम्हाला नावानिशी सांगतो, आणि इथल्या क्लबात खेळणाऱ्या एखाद्या भारतीय मुलाशी त्याचं बोलणंही करून देतो.